गाभारा तेवढाच, रांग गोपाळपूरपर्यंत

आषाढी एकादशी जवळ आली की पंढरपुरात विठ्ठलाच्या पदस्पर्श दर्शनाची रांग दर्शन मंडपात मावेनाशी होते. पत्राशेडमधून वळसे घेत ती गोपाळपूरच्या दिशेनं जाते. देवाचा पलंग काढलेला असतो. म्हणजे रोजचे राजोपचार थांबवून मंदिर चोवीस तास दर्शनासाठी खुलं ठेवलेलं असतं. रांगेत दहा हजार माणसं असोत नाहीतर लाखभर, गाभाऱ्यात एका वेळी मोजकीच असतात. पायांवर डोकं टेकवायचं, पुढे सरकायचं, मागच्याला जागा करून द्यायची. रांग वाढली की वेळ वाढतो. गाभारा आहे तेवढाच राहतो.

मोठी फाइल एन्क्रिप्ट करताना संगणकाची किती मेमरी लागावी, या प्रश्नाचं उत्तर या रांगेत आहे. फाइल ही रांग आणि रॅम हा गाभारा. फाइल दहापट झाली तर काम दहापट वेळ चालावं. रॅम मात्र तेवढीच लागावी.

मूळ गणित तर याहून काही मागतच नाही. आज जगभर सर्वाधिक वापरात असलेली एन्क्रिप्शनची पद्धत म्हणजे एईएस. बेल्जियमच्या योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोघांनी ती रचली आणि २६ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेनं ती आपलं अधिकृत मानक म्हणून जाहीर केली. एईएस एका वेळी फक्त १६ बाइट हातात घेते. किल्ली २५६ बिटांची असेल तर त्या १६ बाइटांवर चौदा फेऱ्या चालतात, आणि या फेऱ्यांसाठी किल्लीपासून तयार केलेल्या सगळ्या उपकिल्ल्या मिळून २४० बाइट होतात. संपला हिशेब. पाव केबीच्या आसपास जागेत हे काम होतं, मग फाइलमध्ये एक अभंग असो की सबंध वारीचं चित्रीकरण.

आणि तरीही ८ जीबी रॅमचा चांगला लॅपटॉप ४५ जीबीची फाइल एन्क्रिप्ट करायला घेतली की गुदमरतो. पंखा गरगरू लागतो, माउस अडखळतो, आणि काही मिनिटांनी टर्मिनलवर ‘किल्ड’ एवढा एकच शब्द उमटतो. लिनक्सच्या गाभ्यानंच रॅम संपत आल्याचं पाहून सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेल्या प्रोग्रॅमला संपवलेलं असतं. पाव केबीचं काम आणि आठ जीबी अपुरे. ही तफावत कुठून येते?

त्याआधी एक साधी शंका फेडायला हवी: पंढरपुरासारख्या गावात एवढ्या मोठ्या फाइली आणि त्या कुलूपबंद करायची गरज येतेच कुठून? हिशेब करून पाहावा. कीर्तनाचं चित्रीकरण हल्ली फोर-के कॅमेऱ्यानं होतं. सेकंदाला १०० मेगाबिट या दरानं ते साठवलं तर एका तासाचे ४५ जीबी होतात. दोन तासांच्या कीर्तनाचे ९०. सीसीटीव्हीचा एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट या बेतानं चालला तरी दिवसाला ४३ जीबी भरतो. एखाद्या मठात किंवा लॉजमध्ये असे सोळा कॅमेरे असले की एका दिवसाचे जवळपास ६९० जीबी. त्यातच मुक्कामाला आलेल्यांच्या आधार कार्डांच्या स्कॅन केलेल्या प्रती असतात. यात्रेच्या चार दिवसांत या प्रतींचा गठ्ठा किती होतो, हे पंढरपुरात खोल्या देणाऱ्या कुणालाही विचारावं.

कीर्तनाचा व्हिडिओ बाहेर गेला तर एका छायाचित्रकाराचं नुकसान होईल. आधारच्या प्रती बाहेर गेल्या तर ज्यांनी विश्वासानं कार्ड पुढे केलं, अशा शेकडो वारकऱ्यांचं होईल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. हे नियम टप्प्याटप्प्यानं लागू होणारे आहेत. पण वैयक्तिक माहिती जपण्याच्या उपायांत त्यांनी एन्क्रिप्शनचं नाव स्पष्ट घेतलं आहे. हार्ड डिस्क बॅकअपसाठी दुसऱ्या गावी पाठवायची असेल किंवा फाइली क्लाउडवर चढवायच्या असतील, तर त्या आधी एन्क्रिप्ट करणं हे आता हौसेचं काम राहिलेलं नाही.

यासाठी कमांड लाइनवरची साधनं सोयीची पडतात. ती फुकट आहेत, त्यांचा मूळ कोड कुणीही तपासू शकतो, आणि एकदा आज्ञा लिहून ठेवली की रोज रात्री दोन वाजता आपोआप चालवता येते. यात नावाजलेली तीन: ओपनएसएसएल, जीपीजी आणि एज. जीपीजीची १.० आवृत्ती जर्मनीच्या वेर्नर कोख यांनी सप्टेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. एज हे त्या मानानं लहान भावंड. फिलिप्पो वालसोर्दा आणि बेन कार्टराइट-कॉक्स यांनी आखलेलं, ज्याची १.० आवृत्ती २०२१ मध्ये आली.

या साधनांचा वंश युनिक्सचा आहे, आणि थोड्या मेमरीत मोठं काम करायची सवय तिथूनच आली. एका प्रोग्रॅममधून निघालेला डेटा थेट दुसऱ्यात सोडता आला पाहिजे, ही कल्पना डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये बेल लॅब्जमधल्या एका टिपणात मांडली होती. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती युनिक्समध्ये उतरवली, आणि ‘पाइप’ जन्माला आला. आजच्या लिनक्समध्ये या पाइपची क्षमता मुळात ६४ केबी असते. एका टोकानं डेटा येतो, दुसऱ्या टोकानं जातो. मधे ६४ केबी भरले की लिहिणारा थांबतो आणि वाचणाऱ्याची वाट पाहतो. दर्शनाच्या रांगेत लोखंडी फाटक लावून माणसं थोडी थोडी सोडतात, तसंच.

ओपनएसएसएलची ‘एन्क’ ही उपआज्ञा याच रीतीनं चालते. ती फाइलमधून ८ केबी वाचते, एन्क्रिप्ट करते, लिहून टाकते आणि पुढचे ८ केबी घेते. फाइल ४५ एमबीची असो की ४५ जीबीची, तिची रॅम काही एमबींच्या वर जात नाही, आणि त्यातलाही बराचसा भाग प्रोग्रॅमचा स्वतःचाच असतो.

गंमत अशी की त्याच ओपनएसएसएलमध्ये ‘एसमाइम’ आणि ‘सीएमएस’ या नावाच्या उपआज्ञा आहेत, आणि वर सांगितलेला ‘किल्ड’ यांच्या वाट्याला येऊ शकतो. दोन्ही ईमेलसाठी घडवलेल्या. समोरच्याची सार्वजनिक किल्ली वापरून फाइल बंद करता येते, पासवर्ड कळवायची भानगड राहत नाही, म्हणून लोक त्यांच्याकडे वळतात. पण त्या जो साचा लिहितात, त्याचा नियम असा आहे की मजकूर लिहिण्याआधी त्याची लांबी लिहायची. आत किती बाइट येणार, हे पहिल्या ओळीतच नोंदवायचं. आता एन्क्रिप्ट होऊन बाहेर पडणाऱ्या डेटाची नेमकी लांबी काम पूर्ण झाल्याशिवाय हाती नाही, मग प्रोग्रॅम काय करतो? सगळी फाइल आधी रॅममध्ये ओढून घेतो, तिथेच एन्क्रिप्ट करतो, मोजतो, आणि मग लिहायला बसतो. गोपाळपूरपर्यंतची सगळी रांग एकदम गाभाऱ्यात घ्यायचा हा प्रकार आहे.

यावर उपाय त्याच आज्ञेत आहे. ‘स्ट्रीम’ नावाचा पर्याय जोडला की साचा बदलतो: एकूण लांबी आधी न लिहिता एका तुकड्याची लांबी, तो तुकडा, पुन्हा पुढच्याची लांबी, तो तुकडा, आणि शेवटी ‘संपलं’ अशी खूण. पण हा पर्याय या कामासाठी मुळात बंद असतो, मुद्दाम लिहावा लागतो. आणि तो लिहूनही अर्धंच काम होतं. फाइल बंद करताना मेमरी वाचते, उघडताना मात्र या उपआज्ञा संपूर्ण रचना रॅममध्ये वाचून घेतात. त्यातून दीड-दोन जीबीच्या पुढे गेलेल्या फाइलींवर त्या रॅम शिल्लक असतानाही अडलेल्या आहेत, कारण आतमध्ये लांबी ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवलेली असते आणि अशा पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ च्या वरची संख्या बसतच नाही. बॅकअप व्यवस्थित तयार होतो, वर्षभर डिस्कवर पडून राहतो, आणि गरज पडते त्या दिवशी उघडत नाही. मोठ्या फाइलींसाठी या दोन उपआज्ञा वापरूच नयेत.

जीपीजीचा साचासुद्धा ईमेलच्या काळातला, पण त्याच्या आखणीत ही अडचण ओळखलेली होती. ओपनपीजीपी मानकात मजकूर अर्धवट लांबीच्या तुकड्यांत लिहिण्याची सोय आहे. पहिला तुकडा किमान ५१२ बाइटांचा, प्रत्येक तुकड्याची लांबी दोनाच्या घातात, आणि अखेरचा तुकडा उरेल तेवढा. त्यामुळे जीपीजी कितीही मोठी फाइल पाइपमधून घेऊ शकतो आणि पाइपमध्येच सोडू शकतो.

सार्वजनिक किल्लीचा विषय निघालाच आहे, तर एक वेगळी चूकही सांगायला हवी. काही जण फाइल थेट आरएसए किल्लीनं एन्क्रिप्ट करायला जातात आणि ‘डेटा किल्लीच्या मानानं फार मोठा आहे’ असा निरोप मिळाला की रॅम कमी पडली असं समजतात. रॅमचा इथे काही संबंध नाही. २०४८ बिटांची आरएसए किल्ली जुन्या, रूढ पद्धतीच्या भरतीसह एका वेळी जास्तीत जास्त २४५ बाइट घेऊ शकते. युनिकोडच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळ्या मोजायच्या. म्हणजे आरएसएच्या एका घासात ८१ चिन्हं, साधारण एक ओवी. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांवर. ओवीला ८० चिन्हं धरली तरी सबंध ग्रंथ दोन एमबींच्या थोडा वर जातो. एवढंसुद्धा आरएसए एका वेळी गिळू शकत नाही, आणि तिनं ते करावं अशी अपेक्षाही नाही. ३२ बाइटांची एक ताजी किल्ली तयार करायची, फाइल त्या किल्लीनं एईएसकडून बंद करायची, आणि आरएसएनं फक्त ते ३२ बाइट बंद करायचे. जीपीजी आपल्या पोटात नेमकं हेच करतो.

मेमरी खाल्ली जाण्याची आणखी एक जागा शिकाऊ प्रोग्रॅमरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पायथन शिकणारे विद्यार्थी, मग ते गोपाळपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले असोत की पुण्यातले, एन्क्रिप्शनसाठी पहिल्यांदा ज्या सोप्या साधनाकडे वळतात ते म्हणजे फर्नेट. फाइल उघडायची, एका ओळीत सगळी वाचायची, फर्नेटला द्यायची. चार ओळींत काम. लहान फाइलींसाठी ते उत्तमच आहे, आणि त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय की मेमरीत सहज मावणाऱ्या डेटासाठीच हे साधन योग्य. वर ते निकाल बेस-६४ मध्ये देतं, म्हणजे आकार एक तृतीयांशानं फुगतो. ४५ जीबीचं कीर्तन ६० जीबी होतं, आणि मूळ फाइल व निकाल दोन्ही एकाच वेळी रॅममध्ये लागतात. असा लॅपटॉप पंढरपुरात क्वचितच कुणाकडे असेल.

आता मोजायचं कसं, हे पाहू. इथे बरेच जण फसतात. आज्ञा चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर ‘फ्री’ टाइप केलं की दिसतं, मोकळी रॅम झपाट्यानं घटतेय. ६ जीबीची ३ झाली, ३ ची अर्धा. हात आपसूक कंट्रोल-सीकडे जातो. पण त्याच तक्त्यात ‘बफ/कॅश’ नावाचा रकाना तेवढ्याच वेगानं वाढत असतो, आणि खरी गोष्ट तिथे आहे. लिनक्स डिस्कवरून वाचलेला आणि डिस्कवर लिहिलेला डेटा रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतो, पुन्हा लागला तर पटकन मिळावा म्हणून. कुणा प्रोग्रॅमला जागा लागली की तो हा साठा लगेच सोडतो. त्यामुळे पाहायचा रकाना ‘अव्हेलेबल’चा. तो स्थिर असेल तर काळजीचं कारण नाही.

एखाद्या आज्ञेनं स्वतः किती रॅम घेतली, हे नेमकं कळायला ‘टाइम’ हे साधन आहे. मात्र पूर्ण पत्ता देऊन, म्हणजे ‘यूएसआर’मधल्या ‘बिन’मधलं, आणि ‘व्ही’ हा पर्याय लावून. नुसतं ‘टाइम’ लिहिलं तर शेलचं स्वतःचं, फक्त वेळ सांगणारं ‘टाइम’ चालतं. पूर्ण पत्त्याचं चालवलं की काम संपल्यावर वीसेक ओळींचा तक्ता येतो. त्यातली ‘मॅक्झिमम रेसिडेंट सेट साइज’ ही ओळ शोधायची. आकडा केबीमध्ये असतो. आधी १ जीबीची फाइल द्यावी, मग ४ जीबीची. दोन्ही वेळा आकडा जवळपास सारखाच आला तर साधन रांगेच्या रीतीनं चालतंय. चौपट झाला तर ४५ जीबीला काय होईल, ते सांगायला ज्योतिषी नको.

कधी कधी चोर भलताच निघतो. बॅकअपची नेहमीची आज्ञा तीन प्रोग्रॅमांची साखळी असते: ‘टार’ फोल्डर एकत्र बांधतो, ‘एक्सझेड’ आकुंचन करतो, ‘जीपीजी’ एन्क्रिप्ट करतो. रॅम गेली की दोष जीपीजीवर येतो, कारण नवं तेच असतं. पण एक्सझेडला ‘९’ हा सर्वांत कडक दर्जा दिलेला असेल तर त्याच्या स्वतःच्याच माहितीपत्रकाप्रमाणे तो दाबताना ६७४ एमबी रॅम घेतो. नेहमीच्या ‘६’ ला ९४ एमबी पुरतात. आणि हे सगळं व्हिडिओसाठी असेल तर ते कष्ट वायाच, कारण कॅमेऱ्यानं व्हिडिओ आधीच दाबलेला असतो. आणखी दबत नाही. जीपीजीसुद्धा एन्क्रिप्ट करण्याआधी आपणहून आकुंचन करतो. त्याला रॅम फार लागत नाही, वेळ मात्र लागतो. व्हिडिओसाठी तो दर्जा शून्यावर आणून ठेवलेला बरा. दुसरा चोर ‘टीएमपी’ फोल्डर. लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांत हे फोल्डर डिस्कवर नसतं, रॅममध्येच असतं. तिथे ४५ जीबीचा निकाल लिहायला सांगितला तर साधन कितीही काटकसरी असलं तरी रॅम भरणारच.

इथपर्यंत वाचून असं वाटेल की सगळी फाइल रॅममध्ये घेणारं साधन म्हणजे आळशी माणसानं लिहिलेलं. तसं नाही. त्यामागे एक खरी, अवघड अडचण आहे, आणि या विषयातला सर्वांत विचार करण्यासारखा भाग तोच.

एन्क्रिप्शन मजकूर लपवतं; पण लपवलेला मजकूर मधे कुणी बदलला नाही ना, हे ओळखायला वेगळी पडताळणी लागते. चांगल्या पद्धती सगळ्या फाइलवरून गणित करून शेवटी १६ बाइटांची एक खूण जोडतात. उघडताना तीच खूण पुन्हा काढायची आणि ताडून पाहायची. एक बिट जरी हललेला असला तरी जुळत नाही. प्रश्न असा की ही खूण फाइलच्या अखेरीला आहे. तोवर उघडलेला मजकूर कुठे ठेवायचा? रॅममध्ये धरून ठेवला तर ४५ जीबी रॅम हवी. लगेच बाहेर सोडला तर अजून न तपासलेला डेटा पुढच्या प्रोग्रॅमच्या हाती गेला.

ओपनएसएसएलच्या ‘एन्क’नं या पेचातून अंग काढून घेतलं. तिच्या माहितीपत्रकात लिहिलं आहे की जीसीएमसारख्या पडताळणी करणाऱ्या पद्धती ती चालवत नाही आणि पुढेही चालवणार नाही, कारण खूण तपासण्याआधीच निकाल बाहेर सोडावा लागेल. म्हणजे तिची काटकसर खरी, पण पडताळणीशिवायची. ‘एन्क’नं बंद केलेली फाइल वाटेत कुणी बिघडवली तर ती तक्रार न करता बिघडलेलाच मजकूर देऊ शकते. जीपीजी दुसऱ्या टोकाला गेला: मजकूर लगेच सोडायचा आणि शेवटी खूण जुळली नाही तर ओरडायचं. मे २०१८ मध्ये म्युन्स्टर, बोखुम आणि लोव्हेन इथल्या संशोधकांनी ‘ईफेल’ नावानं दाखवून दिलं की हे ओरडणं ऐकून न ऐकल्यासारखं करणारे ईमेल प्रोग्रॅम होते, आणि त्यांच्या वाटेनं बंद पत्रातला मजकूर बाहेर काढता येत होता. त्यानंतर जीपीजीनं नियम कडक केले. तरी रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे: उघडलेला बॅकअप थेट पुढच्या प्रोग्रॅममध्ये सोडू नये, डिस्कवर लिहावा, जीपीजी यशस्वी झाला का ते पाहावं, मगच वापरावा.

एजनं यातून मधला रस्ता काढला आणि तो फार सुंदर आहे. फाइल ६४ केबीच्या तुकड्यांत कापायची आणि प्रत्येक तुकड्याला त्याची स्वतःची १६ बाइटांची खूण द्यायची. ६४ केबी रॅममध्ये धरून तपासायला कुठल्याही यंत्राला जड नाही. तुकडा तपासला, बाहेर सोडला, पुढचा घेतला. तुकड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या गणितात त्याचा क्रमांक मिसळलेला असतो, आणि शेवटच्या तुकड्यात ‘हा शेवटचा’ अशी नोंद, म्हणजे कुणी शेपूट कापली तरी कळतं. ४५ जीबीच्या कीर्तनाचे या हिशेबानं सुमारे ६ लाख ८७ हजार तुकडे होतात आणि सगळ्या खुणांचं ओझं ११ एमबी. पंचेचाळीस हजार एमबींवर अकरा.

तुकडे करण्याला आणखी एक कारण आहे. जीसीएम पद्धतीत एका संदेशाला कमाल मर्यादा आहे, ६४ जीबीला ३२ बाइट कमी. दोन तासांचं ९० जीबींचं कीर्तन एका दमात जीसीएमनं बंद करताच येत नाही, रॅम कितीही असो.

इतका वेळ रॅम कशी वाचवावी हे पाहिलं. आता उलट बाजू: जिथे रॅम मुद्दाम खर्च केली जाते, आणि करायलाच हवी.

लोक पासवर्ड लहान ठेवतात. ‘विठ्ठल’ आणि जन्मसाल, गावाचं नाव आणि १२३. चोरानं फाइल पळवली की तो एईएसच्या वाटेला जात नाही. तो पासवर्डांचा अंदाज करत बसतो. त्याच्याकडे ग्राफिक्स कार्ड असतं, ज्यात हजारो छोटे गणक एकाच वेळी काम करतात. पासवर्डपासून किल्ली काढण्याचं गणित नुसतं वेळखाऊ केलं, तरी ते हजारो गणक समांतर चालवून चोर भरपाई करतो. ओपनएसएसएल ‘एन्क’ तर अनेक वर्षं एका साध्या फेरीतच किल्ली काढत असे. अनेक फेऱ्यांत किल्ली काढणाऱ्या ‘पीबीकेडीएफ२’ या पद्धतीचा पर्याय तिला २०१८ मध्ये १.१.१ या आवृत्तीत मिळाला, मुळात १०,००० फेऱ्यांचा, आणि तो आजही आज्ञेत लिहावा लागतो. पण त्या फेऱ्यांनाही मेमरी जवळपास लागत नाही.

कॉलिन पर्सिव्हल हे कॅनडाचे संगणकशास्त्रज्ञ आपली टारस्नॅप ही बॅकअप सेवा चालवताना या प्रश्नाला भिडले. २००९ मध्ये त्यांनी ‘एसक्रिप्ट’ मांडलं. कल्पना अशी: किल्ली काढताना आधी मोठा तक्ता रॅममध्ये भरायचा आणि मग त्यात मागे-पुढे उड्या मारत वाचायचं, इतकं की तक्ता हाताशी नसेल तर गणित परवडणारच नाही. एज पासवर्डसाठी एसक्रिप्टच वापरतं, आणि त्याच्या नेहमीच्या मापानं हा तक्ता २५६ एमबींचा होतो. मालकाला हे ओझं एकदाच, सेकंदभर. चोराला मात्र प्रत्येक अंदाजासाठी २५६ एमबी. २४ जीबींचं महागडं ग्राफिक्स कार्ड घेतलं तरी एका वेळी जेमतेम ९६ अंदाज मावतात. बाकीचे हजारो गणक बसून राहतात.

या विचाराची पुढची पायरी म्हणजे आर्गॉन२. पासवर्डांसाठी भरलेल्या खुल्या स्पर्धेत २४ प्रवेशिकांमधून जुलै २०१५ मध्ये ते विजयी ठरलं. लक्झेंबर्ग विद्यापीठातल्या बिर्युकोव्ह, दिनू आणि खोव्रातोविच या तिघांचं हे काम. लिनक्सची सबंध डिस्क एन्क्रिप्ट करणारं लक्स-२ आज तेच वापरतं आणि रॅम असेल तर किल्ली काढायला १ जीबीपर्यंत घेतं.

म्हणून ‘टाइम’च्या तक्त्यात एजपुढे २६०-२७० एमबी दिसले की ते फाइलमुळे नाहीत. १ केबीची चिठ्ठी बंद केली तरी तेवढेच दिसतील. पासवर्डाऐवजी एजची सार्वजनिक किल्ली वापरली तर हा तक्ता लागतच नाही आणि आकडा एकदम खाली येतो. रोज रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपला तीच रीत बरी, कारण मग पासवर्ड कुठे लिहूनही ठेवावा लागत नाही. फक्त तिच्या जोडीची, फाइल उघडणारी खासगी किल्ली दुसऱ्या जागी, शक्यतो दोन जागी, जपून ठेवायची.

किल्लीला एक धोका रॅमच्या बाजूनंही असतो. रॅम संपत आली की यंत्र रॅममधला मजकूर डिस्कवरच्या स्वॅपमध्ये ढकलतं, आणि त्यात किल्लीसुद्धा जाऊ शकते. जीपीजी त्यासाठी थोडी जागा ‘इथून काही हलवायचं नाही’ असं यंत्राला बजावून राखून ठेवतो. ती परवानगी मिळाली नाही तर ‘असुरक्षित मेमरी वापरली जात आहे’ असा इशारा देतो. हा इशारा दिसला तर स्वॅपही एन्क्रिप्ट केलेला आहे ना, ते पाहावं.

उरली एक व्यवहाराची गोष्ट. पासवर्डासाठी लागणारी ही मेमरी फाइल बंद करताना ठरते आणि उघडताना तेवढीच द्यावी लागते. पर्सिव्हल यांचं एसक्रिप्ट नावाचं साधन तर बंद करताना समोरच्या यंत्राची रॅम पाहून तक्ता किती मोठा घ्यायचा ते ठरवतं. तीच फाइल लहान यंत्रावर नेली की ‘एवढी मेमरी इथे नाही’ म्हणून उघडायला नकार देतं. लॉजच्या ऑफिसातल्या १६ जीबींच्या संगणकावर लक्स-२ नं तयार केलेली डिस्क घरच्या १ जीबीच्या छोट्या यंत्राला लावली, तर पासवर्ड बरोबर असूनही ती उघडत नाही. आर्गॉन२ च्या मानकानं, सप्टेंबर २०२१ मध्ये, याच कारणासाठी दोन मापं सुचवली आहेत: ऐपत असेल तिथे २ जीबी, नसेल तिथे ६४ एमबी आणि तिप्पट फेऱ्या. लक्स-२ मध्ये डिस्क तयार करताना हे माप हातानं देता येतं. दिलं नसेल तर मोठ्या यंत्रावर नेऊन, आतल्या डेटाला हात न लावता, फक्त किल्लीचा कप्पा नव्या मापानं पुन्हा लिहिता येतो. एजच्या फाइलीला पासवर्डाचं माप असं बदलता येत नाही. ती उघडून पुन्हा बंद करावी लागते, आणि ४५ जीबी असतील तर त्यासाठी डिस्कवर तेवढी मोकळी जागा आधी करून ठेवावी लागते.